बरा झालेल्या माणसाचे मृत्युपत्र

आधी एक हिशेब. माझी पत्नी रत्नप्रभा हिने २७ सप्टेंबरच्या रविवारी प्रार्थनासभेत उभे राहून साक्ष दिली की, प्रभूने माझ्या घशातली गाठ काढून टाकली आहे. साक्ष चार मिनिटांची. त्या वेळी गाठ गव्हाच्या दाण्याएवढी होती आणि नुसत्या किरणांच्या शेकाने भागेल, असे डॉक्टर म्हणत होते. पुढचे सहा आठवडे आम्ही दवाखान्याची पायरी चढलो नाही. आता गाठ शेंगदाण्याएवढी आहे आणि सोमवारी अख्खे स्वरयंत्र काढायचे आहे. म्हणजे त्या चार मिनिटांची किंमत माझा आवाज.

आता रीतसर. मी, मधुकर शांतवन रणनवरे, वय ६१, धर्माने ख्रिस्ती, मोटर कारखान्यातून निवृत्त तपासनीस, राहणार इंद्रपुरी, भोपाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर करत आहे. डोके शाबूत आहे. बिघाड आहे तो त्याच्या वीतभर खाली. कोणाच्या दबावाखाली करतो आहे असे कोणी म्हणू नये, कारण दबाव सगळा न करण्याचा आहे. आमच्या प्रार्थनासभेत बऱ्या झालेल्या माणसाने मृत्युपत्र करणे म्हणजे देवाला तोंडावर खोटे पाडणे. मी कुजबुजतो आहे आणि शेजारचे दिगंबर लघाटे टाइप करत आहेत. ते कारखान्याच्या टपाल विभागात होते. स्वल्पविरामसुद्धा विचारून घालतात.

कलम १. इंद्रपुरीतले राहते घर रत्नप्रभेला, पूर्ण मालकीने, विनाअट.

‘विनाअट’ हा शब्द मला सोपा गेला नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर घरच्या माणसाची सही लागते. मुलगा विजय मस्कतला. डॉक्टर म्हणाले, “बीवी घर में है तो बीवी ही साइन करेगी, दादा.” बीवी करत नाही. कागद गेल्या सोमवारपासून फ्रिजवर, फुलदाणीखाली आहे. ती म्हणते, “दोनशे माणसांसमोर मी देवाचं नाव घेऊन बोलले. आता कोणत्या हाताने सही करू?” म्हणून कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते की, सही केली तरच घर. लघाटे टाइप करता करता थांबले आणि चष्मा पुसत बसले. मी तो कागद फाडला. धाकाने काढलेली सही मला नको.

कलम २. गोविंदपुऱ्यातले मोटर वाइंडिंगचे वर्कशॉप, यंत्रे आणि गिऱ्हाइकांसह, माझा मिस्त्री रमेश याला. १९६२ साली राहुरीहून मी पत्र्याची ट्रंक घेऊन कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. चाचणी विभागात पोलादी सळईचे एक टोक चालत्या मोटरच्या बेअरिंगवर आणि दुसरे कानामागच्या हाडावर टेकवून ऐकायचे, हे माझे काम. तेहेतीस वर्षांत मी पास केलेली एकही मोटर बेअरिंगसाठी परत आली नाही. लोक म्हणत, देवाची देणगी. अकरा वर्षे रोज कान लावला तेव्हा तो तयार झाला, हे रमेशने लक्षात ठेवावे.

पण त्या रविवारी रत्नप्रभा बोलत असताना मी तिच्या शेजारी उभा होतो आणि मान डोलावली. रात्री उताणा पडलो की माझ्याच श्वासात सुके बेअरिंग ऐकू येत होते. ऐकले आणि गप्प बसलो. थुंकीत रक्त दिसले तेव्हा एकटाच टेम्पो धरून दवाखान्यात गेलो. हा दोष तिच्या एकटीच्या नावावर लावू नये.

कलम ३. बँकेतली ठेव निम्मी रत्नप्रभेला, निम्मी विजयला. पुढे वाद नको.

कलम ४. आमच्या जुन्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक सांगतात की, आरोग्यदान, न शिकलेल्या अन्य भाषा बोलणे, ही सारी कृपादाने येशूच्या प्रेषितांबरोबर संपली. माझा मित्र केशव पाटोळे, कारखान्यातला क्रेन चालक, तो चालवतो त्या प्रार्थनासभेत सांगतो की ती आजही आहेत. त्यानेच गाठ जावी म्हणून माझ्या गळ्यावर हात ठेवला होता. मी कोणाच्या बाजूचा, असे मला चाळीसदा विचारून झाले. १९७१ साली विजय चार वर्षांचा असताना तापात बेशुद्ध पडला. डॉक्टरने इंजेक्शन दिले. दोन तासांनी केशव शिफ्ट संपवून तेलकट कपड्यांतच आला आणि पलंगापाशी गुडघे टेकले. तो ‘आमेन’ म्हणतोय तोच पोराने पाणी मागितले. इंजेक्शन की प्रार्थना, हे मी आजवर ठरवलेले नाही. तेव्हा कृपादाने संपली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ज्या मोटरचा आवाज गेलेला नाही ती दुरुस्त झाली, असे लिहून देण्याला मी कृपादान म्हणणार नाही.

कलम ५. अंत्यविधी जुन्या मंडळीच्या रिवाजाने, मराठीत. ‘चमत्काराचे दुकान’ असे पाळकसाहेब उपदेशात रत्नप्रभेकडे बघून म्हणाले होते. त्यांनी त्या दिवशी फक्त प्रार्थना म्हणावी, उपदेश करू नये. आणि केशवच्या लोकांनी पेटीभोवती उभे राहून मला उठवायची प्रार्थना करू नये. एकदा बरा झालो तेवढे पुरे.

कलम ६. साक्षीदार क्रमांक एक म्हणून मी केशव पाटोळे यांना शनिवारी सकाळी बोलावले आहे. ज्याने मला बरे घोषित केले त्याने या कागदावर सही केली, तर रत्नप्रभा संमतीपत्रावर सही करायला मोकळी होईल. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असे वकील म्हणतात, म्हणून त्याला काहीही ठेवलेले नाही. तो सही करणार नाही. काल फोनवर ‘बघतो’ म्हणण्याआधी त्याने जो श्वास घेतला, तो मी ऐकला आहे, आणि श्वासावरून माणूस ओळखण्यात मी आजवर चुकलो नाही. म्हणून कागदाच्या तळाशी वरच्या मजल्यावरचे नीळकंठ सप्रे यांचे नाव आधीच टाइप करून ठेवले आहे.

हाताने जोडलेला मजकूर, शनिवार, सकाळी ११.

केशव साडेदहाला आला. कागद दोनदा वाचला.

“मध्या, फोटोसुद्धा ठेवला नाहीस रे मला?”

“साक्षीदाराला चालत नाही,” लघाटे म्हणाले.

रत्नप्रभा दारात येऊन उभी राहिली. “केशवभाऊ, तुम्ही सही केलीत तर मी खोटी ठरते.”

केशवने टोपण न काढता पेन खाली ठेवले. मग म्हणाला, “वहिनी, त्या दिवशी उभं राहा असं मी म्हटलं तुम्हाला. डॉक्टरला दाखवून या आणि मग उभं राहा, असं म्हणायला हवं होतं. आशा तुमची होती. घाई माझी.”

“मग ते कृपादान?”

“असलं तर सोमवारीही असेल. मी ऑपरेशनच्या दाराबाहेर बसेन. डॉक्टरच्या हातासाठी प्रार्थना करायला मला कमीपणा नाही.” आणि त्याने सही केली.

रत्नप्रभा पुढे आली. “ते पेन द्या इकडे.”

लघाटे घाबरले. “वहिनी, यावर नको, तुम्हाला घर मिळतंय, तुमची सही—”

“कळतं मला. फ्रिजवरचा कागद आणा.”

स्थळ : इंद्रपुरी, भोपाळ
दिनांक : १४ नोव्हेंबर १९९८

मृत्युपत्र करणार : मधुकर शांतवन रणनवरे (सही)

आम्हा दोघांच्या समोर त्यांनी सही केली व त्यांच्या समोर आम्ही केली :
१. ~~नीळकंठ सप्रे~~ केशव पाटोळे (सही)
२. दिगंबर लघाटे (सही)

वरील एक नाव खोडले आहे. खोडाखोड मला मान्य. म. शां. र.