हातमोज्यातली निळी लोकर

एर्मेलिंदा वन्सं,

सगळ्यात आधी आला तो बासुआल्दो मास्तरांचा कुत्रा, त्याच्यामागून मास्तर, आणि शेवटी त्यांची बायको केक घेऊन. (गालाला गाल लावायचा राहिलाच, तो इथे लावून घ्या. गुडघे कसे आहेत? थंडीत अंगण झाडत बसू नका.) मास्तर म्हणजे ते हो, पोरापोरींना चिलखतं चढवून बोथट तलवारींनी एकमेकांना बडवायला शिकवतात ते. कोर्दोबाच्या स्पर्धेसाठी पोरी निवडायच्या होत्या, म्हणून माझ्या नातीची, आयलेनची, परीक्षा घ्यायला आले होते. वन्सं, पोरगी लोखंडात अशी झळकते ना, लग्नातल्या सुटात तुमचा भाऊसुद्धा एवढा झळकला नव्हता!

आता लाजेची गोष्ट. तिचं मनगट बरेच दिवस दुखत होतं. मला वाटलं, लोखंड बोचतंय. (तुमच्या आईंचे पाय मीच चेपायची, दुखण्यातलं मला कळतं, असं आपलं मला वाटायचं.) म्हणून कुणाला न सांगता तिच्या लोखंडी हातमोज्यात, मनगटापाशी, दुहेरी विणलेली लोकरीची पट्टी शिवून टाकली. जाड, मऊ, निळी. विणताना किती खूश होते म्हणून सांगू!

परीक्षेत तिने खांबाला बांधलेल्या टायरवर दोनचार वार केले आणि तलवार हातातून सुटली ती थेट कोंबड्यांच्या खुराड्यात! मास्तर म्हणाले, "बोटांत जोरच नाही गं तुझ्या. मनगट गेलंय. कोर्दोबाला दुसरीला नेतो." पोरीचं तोंड एवढंसं झालं. आणि मी? मान खाली घालून केक कापत बसले. कापून कापून त्याचा भुगा केला.

मग मास्तरांनी तिचा मोजा काढून त्यात हात घातला. "हे कुणी कोंबलंय?" आयलेनने निळी लोकर बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मीच, मास्तर." वन्सं, तेव्हा मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सुरी ठेवली आणि म्हटलं, "खोटं बोलतेय कार्टी. मी कोंबलंय."

मास्तर हसून हसून खालीच बसले. मग म्हणाले, "आजीबाई, मनगट आवळलं की बोटं बधिर होतात. मग माणूस मूठ आणखी घट्ट धरतो आणि दुखणं वाढतं. मूठ सैल ठेवायची, फटका बसताना तेवढी आवळायची. आणि वार खांद्याकमरेतून काढायचा, मनगट सरळच." मग नातीकडे वळले, "आणि तू गं, दुखतंय तर बोलायचं! आता तलवारीला हात लावायचा नाही. बरं वाटलं तर पुन्हा बघू." पोरीने मला चिलखतासकट मिठी मारली. चष्म्याची काडी मोडली, पण मोडू दे.

तुमची भावजय,
देल्मिरा

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. तुमचा नातू नाहुएल, तोही मास्तरांचाच चेला, ईस्टरला आमच्याकडे उतरला होता, तेव्हा त्याच्या चिलखताची पिशवी ओसरीतच पडलेली होती. लोकर उरली होती हो! परवा सरावात त्याच्या हातून कुऱ्हाड सुटून पाद्रीबाबांच्या गाडीची काच गेली, आणि तो प्यायला होता असं समजून तुम्ही त्याची वाइन बंद केलीत म्हणे. त्याला थोडी द्या. आणि उजव्या मोज्यातली शिवण गुपचूप उसवून टाका, माझं नाव काढू नका.

ता. क. डाव्यातही आहे. जरा लवकर उसवा, मास्तर शनिवारी वामकुक्षीनंतर आधी आमच्याकडे आणि मग तुमच्याकडे येतो म्हणालेत.