पंचांचा हात लागेपर्यंत

१९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

सगळे मजेत आहेत असं आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिते. आई ठणठणीत आहे. बाबांनी चष्मा बदलला, आता त्यांना भिंतीवरचा प्रत्येक डाग दिसतो आणि आमच्या डोक्याला ताप झालाय. तू मावशीकडे राहायला गेलीस त्याला दीड वर्ष झालं. तुझा फोन येतो तो आईला. माझ्यापर्यंत 'तिला विचारलंय म्हण' एवढंच येतं, आणि तेही आई पदरचं घालते असा मला संशय आहे.

परवा माझी एमएमएची, म्हणजे आपल्या ठोसे-कुस्ती दोन्ही चालणाऱ्या खेळाची, तिसरी व्यावसायिक लढत झाली. हरले. पहिल्या दोन जिंकले होते म्हणून सरांनी मला डोक्यावर घेतलं होतं, आता खाली उतरवलंय. डाव्या भुवईला चार टाके आहेत. आई माझ्याकडे न बघता ताट वाढते.

दमले म्हणून हरले, असं मी घरी सांगितलं. ते खोटं आहे. दुसऱ्या फेरीत मी समोरच्या मुलीला खाली पाडलं, तिचा हात मांड्यांत अडकवला आणि कोपर ताणलं. तूच शिकवलेला डाव. तिने माझ्या पोटरीवर दोनदा थापटलं, म्हणजे हार मानली. मी लगेच हात सोडला. पंच पलीकडच्या बाजूला होते, त्यांना काही दिसलंच नाही. ती उठली आणि पुढच्या मिनिटात तिने मला बदडून काढलं.

सरांनी पाण्याची बाटली बादलीत आपटली. "पंचांचा हात अंगाला लागेपर्यंत सोडायचं नसतं, हे पहिल्या आठवड्यात शिकवलंय. झालंय काय तुला?"

हे आजचं नाही, ताई. सरावातही कोणी नुसती बोटं हलवली तरी माझे हात सुटतात. पोरी मला 'हळूबाई' म्हणतात.

का सुटतात ते तुला माहीत आहे. त्या दिवशी तू सरांना सांगितलंस, "मी थापटलंच नाही, मीच हट्ट केला." डॉक्टरांना तेच, आईला तेच. इतक्या वेळा सांगितलंस की मलाही ते खरं मानायची सवय लागली. पण तू थापटलं होतंस. दोनदा, माझ्या मांडीवर. मला कळलं होतं. तोवर मी तुला एकदाही हरवलं नव्हतं, आणि नेमके सर पाठमोरे उभे होते. मला वाटलं, जरा धरून ठेवते, सर वळून बघतील. तेवढ्यात तुझं कोपर मोडल्याचा आवाज आला.

पुढच्या महिन्यात तुझी पहिली लढत होती. तुझ्या जागी सरांनी मला उतरवलं आणि मी निर्लज्जासारखी उतरले. माफी मागायची तर आधी कबूल करावं लागलं असतं, म्हणून मागितली नाही.

तुझी फार आठवण येते. इथे शिव्या देत शिकवणारं कोणी उरलं नाही, सगळ्या गोड बोलतात. जिंकले तेव्हा दोन्ही वेळा मी आधी तुलाच शोधलं. तू नाहीस हे माहीत असून शोधलं.

आई म्हणते, तुझा हात अजून पुरता सरळ होत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायला तू स्टूल घेतेस. हे ऐकल्यापासून जेवण जात नाही.

येत्या रविवारी मी मावशीकडे येते आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. हवं ते बोल, हवं तितकं बोल. आणि तू पुरे म्हणालीस की मी तिथल्या तिथे थांबेन.

तुझी, अजून तुझीच म्हणवून घेऊ का ते माहीत नसलेली,
धाकटी