उम्सुन-आपाचं काळीज

कोकसाय, १२ मार्च १९७४

ती. कान्यशाय एजेस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

एजे, तू विणलेले मोजे पोचले. एक मोठा, एक लहान. विणता विणता पेशंट तपासत होतीस की काय? गावात मी एकटाच डॉक्टर. संध्याकाळी बोलायला चुलीखेरीज कोणी नसतं, म्हणून तुझ्यावर तोंडसुख घेतो.

आज मात्र तू जवळ हवी होतीस. गावातली म्हातारी उम्सुन-आपा हृदयाच्या झटक्याने माझ्या दवाखान्यात आहे, आणि काल तिचा एकुलता एक मुलगा, कुबात, घाटात ट्रकसकट दरीत गेला. उद्या दफन. रीतीप्रमाणे गावातले म्हातारे जमून आईला सांगायला निघाले. पण आधी माझ्याकडे आले आणि तिचं काळीज हे सोसेल का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. ते परत गेले. ती हसून माझी चौकशी करते, तेव्हा मी नाडी मोजायचं सोंग करतो. मी चुकलो तर नाही ना?

माया असू दे.
तुझा एसेनकुल

फ्रुंझे, १९ मार्च

चि. एसेनकुल यास अ. उ. आशीर्वाद.

मोज्यांना नावं ठेवतोस? बायको आण, जोडीचे मिळतील.

तुझं पत्र वाचलं. अरे वेड्या, जीव जपणं आपलं काम. पण आईने मुलाला निरोप द्यावा की नाही, हे ठरवणारे आपण कोण? इंजेक्शन तयार ठेवायचं, उशाशी बसायचं आणि म्हाताऱ्यांना आत येऊ द्यायचं. हे पत्र वेळेवर पोचणार नाही, ठाऊक आहे. तरी आता आणखी लपवू नकोस.

जेवत जा. रागावले तरी तुझीच आहे.
कान्यशाय

कोकसाय, २ एप्रिल

ती. एजेस सा. न. वि. वि.

घाट मोकळा झाल्यावर तुझं पत्र आलं. दफन केव्हाच उरकलं होतं.

पत्र आलं त्याच दिवशी म्हाताऱ्यांना बोलावलं. रीतीप्रमाणे मरणाचं नाव न घेता, हातून उडालेल्या ससाण्याच्या गोष्टीपासून त्यांनी आडवळणाने सुरुवात केली, तोच आपाने हात वर करून त्यांना थांबवलं. तिला कळलं होतं. मी नाडी धरून बसलो होतो. नाडी चालूच राहिली.

तिने एवढंच विचारलं, माझ्या कुबातसाठी हंबरडा कोणी फोडला? कोणीच फोडला नव्हता. कबरस्तानाची वाट दवाखान्यावरून जाते. तिला ऐकू जाईल म्हणून कोणी रडायचं नाही, असं मीच बजावलं होतं. बायकांनी तोंडात रुमाल कोंबले होते. आपल्यात कुणा परक्यालाही असं मुक्याने मातीत ठेवत नाहीत गं.

आपाने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं. मग अगदी शहाण्या पेशंटसारखं तिने मला विचारलं, की डॉक्टर, आता रडलं तर चालेल का?



रागाव, पण लिहीत राहा.
तुझा एसेन