तोंड उघडायला लावलं त्याबद्दल

चिमणे,

काल तुझी साखर चढलेली दिसली आणि मी मैत्रिणींसमोर तुला तोंड उघडायला लावलं. चॉकलेट शोधत होतो! आज डॉक्टरांकडे मोठ्या तोऱ्यात तुझी तक्रार केली, तर नर्सबाईंनी माझीच खरडपट्टी काढली. "आजोबा, वयात येताना साखर न खाताही चढते. पोरीला चोर कसलं ठरवता?" चुकलं माझं.

डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन वाढवलंय. किती, ते आईला फोनवर सांगितलंय. माझ्यावरचा राग सुईवर काढू नकोस, वेळेवर घे. मी औषधाच्या दुकानात जातोय.

मैत्रिणींसमोर तुझी माफी मागायला तयार आहे. पण त्यानं तुला आणखीच लाजल्यासारखं होणार असेल, तर गप्प बसेन. तू म्हणशील तसं.

आजोबा