दहा फ्री थ्रो आणि भरिताआधीचं भाषण

८ डिसेंबर, रविवार
पन्नाशी गाठलेल्या बास्केटबॉलप्रेमी बंधूंनो! आपला चेंडू रिंगवर आपटून परत येतो आणि कोर्टाबाहेरची पोरं हसतात. हा अन्याय आपण किती काळ सोसायचा? (डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. पण सभेला हाक मारल्याशिवाय माझं पेन चालत नाही.)

झालं असं. दर डिसेंबरात आम्हा जुन्या खेळाडूंची चोपड्याला जळगाव विरुद्ध धुळे मॅच होते. नंतर पितांबर आबांच्या मळ्यात भरीत पार्टी. पंगतीआधीचं भाषण अकरा वर्षं माझं. आज धुळ्याच्या रुपचंदने ग्रुपवर टाकलं की यंदा सर, म्हणजे मी, आणि तो दहा-दहा फ्री थ्रो मारणार, जिंकेल तो बोलणार. अठ्ठावीस जणांनी टाळ्या टाकल्या. त्यात जळगावचेही!

संकल्प: व्हिडिओ अॅनालिसिस. आजपासून फक्त विज्ञान.

९ डिसेंबर, सकाळी ६.१०
पिंप्राळ्याचं मैदान. मोबाइल पुनमकडे, म्हणजे आमच्या कन्येकडे. पप्पा, पूर्ण अंग घेऊ का, असं तिनं विचारलं. बजावलं की माझी भाषणं घेतेस तसंच घे. छातीपासून वर, चेहरा स्पष्ट.
दहापैकी एक.
घरी चहासोबत तीनदा पाहिला. मुद्रा उत्तम. नजर थेट कॅमेऱ्यात. आत्मविश्वास म्हणतात तो हाच. दोष चेंडूत.

१२ डिसेंबर
नवा चेंडू. दहापैकी शून्य.
मैदान झाडणारा झुलाल झाडू थांबवून म्हणाला, सर, जाळी तठे शे, तुम्ही आठे काय देखतस? जाळी तिकडे, मी इकडे काय पाहतो म्हणे! शरीरशास्त्रावरची दोन जाड पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. लोकशिक्षणाचं काम अजून केवढं बाकी आहे!

१५ डिसेंबर, रविवार
पुस्तक म्हणतं, कोपर नव्वद अंशांत हवं. कोपर व्हिडिओत येत नाही. त्यामुळे कोपरात एकही दोष आढळला नाही.
सुलक्षणेनं विचारलं, अहो, यात चेंडू कुठंय? पत्नीला समजावलं की चेंडू हा परिणाम आहे, मी कारण तपासतोय. तिनं मेथीच्या दोन जुड्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, मग कारण तपासता तपासता ही निवडा.

१९ डिसेंबर
सराव नाही. फैजपूरला एका निरोप समारंभात बोलायचं होतं. पन्नास मिनिटं. सत्कारमूर्ती मध्येच उठून गेले, बहुधा गहिवरून.

२४ डिसेंबर, सकाळी ७
चाळीस व्हिडिओ झाले. दहापैकी एक. संताप! चाळीसही व्हिडिओंत माणूस निर्दोष आणि चेंडू मात्र बाहेर. म्हणजे रिंग तिरकी. झुलालनं शिडीवर चढून गवंड्याची पाणसळ लावली. सरळ निघाली. पाणसळच बिघडलेली असावी.

२८ डिसेंबर
उद्या मॅच. सराव बंद, हात ताजा हवा. भाषण तयार: ‘पराभूताशी औदार्य’. सतरा पानं.

२९ डिसेंबर, संध्याकाळी ७
रुपचंदचे चार गेले. पोट सुटलेला कापड दुकानदार. ना पुस्तक, ना व्हिडिओ.

माझे पहिले नऊ बाहेर. दहाव्याच्या वेळी पुनमच्या हातातल्या मोबाइलची मेमरी भरली, तिनं तो खाली केला. आता पाहायचं कुठं? नाइलाजानं रिंगकडे पाहिलं. चेंडू जाळीतून सळकन खाली. जो एकच गेला, नेमका त्याचाच पुरावा नाही!

तरी फॉर्म बरोबर होता, नशीब नव्हतं, हे सिद्ध करायला मळ्याच्या वाटेवरच पुनमचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. न पाहता.

रुपचंद दीड मिनिट बोलला. शेवटी म्हणाला, मंडळी, हात धुवा. पितांबर आबांनी कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावला आणि तोंडात टाकला. म्हणे, अकरा सालमा पहिल्यांदा गरम लागनं रे भो! पंगत इतकी हसली की झाडावरचे बगळे उडाले.

सतरा पानं खिशातच राहिली.

आता घरी येऊन व्हिडिओ पाहिला. पुनमनं आज माझं न ऐकता पूर्ण अंग घेतलंय. कोपर ठीक. गुडघे ठीक. चेंडू हातातून सुटायच्या क्षणी मान वळते आणि मी कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. नऊ वेळा.

खाली रुपचंदचा प्रश्न: सर, जाळी कोणत्या बाजूला होती?

ग्रुपवरच्या अठ्ठावीस बंधूंनो! आयुष्यभर मी तुम्हाला उठा, जागे व्हा, असं सांगत आलो. आज एकच करा. तो व्हिडिओ डिलीट करा.