उकिरड्यातला डबा

माय, दोन दिवसांपासून मागच्या अंगणात भाजीचे नवे वाफे करते आहे. गुडघे कुरकुरतात, पण बसत-उठत करते. तुझ्यासारखाच टाचेने वरंबा दाबते आणि बी टाकायच्या आधी नुसतं पाणी सोडून बघते. आज सकाळी शेणखताची पाटी आली आणि हात थांबले. सत्तरीला टेकलेली बाई मी, पण काडी घेऊन ते सगळं खत उकरून बघितलं. त्यात पत्रा तर नाही ना, म्हणून.

मी दहा वर्षांची असेन. महाराष्ट्र नवा झाला होता आणि कपाशीवर फवारायचं औषधही आपल्या गावात नवंच आलं होतं. त्याचा रिकामा डबा बाबांनी गोठ्यामागे टाकला आणि "हात नोका लावू" एवढंच म्हणाले. पण आपल्या घरात रिकामा डबा कधी वाया गेला होता का? तेलाच्या डब्यात पीठ, तो फुटला की त्यात तुळस. तू न्हाणीच्या पाण्यावर मेथीचे दोन वाफे केले होतेस आणि कोवळी रोपं आडवी होऊ नयेत म्हणून ओंजळीने पाणी शिंपडायचीस. मला तुझी शाबासकी हवी होती. तू धाड गावच्या बाजाराला गेलीस तेव्हा मी त्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, झारी केली आणि दोन्ही वाफे भिजवले. डबा धुतला नाही. उग्र वास येत होता, पण औषध म्हणजे चांगलंच, अशी माझी समजूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मेथी खुडून आणतेस, चुलीवर परततेस. मी आता मिरवून सांगणारच, तेवढ्यात कुंपणापलीकडून काकूची हाक येते, "अवो जाऊबाई, वाफ्यात चिमण्या मरून पडल्या!" तू धावत जाऊन बघतेस, परत येऊन भांड्यासकट भाजी बाहेर फेकतेस. बाबा माती हुंगतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. ते गोठ्यामागे जातात. डबा तिथे नसतो. तेवढ्या वेळात मी तो उकिरड्यात कोपरापर्यंत हात घालून खुपसलेला असतो.

डबा कोणीतरी नेला, एवढ्यावरच तुझा संशय पक्का झाला. महिन्यापूर्वी न्हाणीचं पाणी कोणाच्या बाजूला वळवायचं यावरून काकूशी तुझं वाजलं होतं. तू कुंपणाशी उभी राहून ओरडलीस, "सगळ्याच्या आधी तुलेच कसं दिसलं? पाण्यासाठी माह्या लेकराईले जहर चारशीन काय?" काकू रडायला लागली. "माह्या पोराची आन वो, मी नाई टाकलं. मी तं तुमाले हाक द्याले आली." तिने हाक दिली म्हणून आपण वाचलो, हे त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं. मी न्हाणीच्या दगडावर बसून नखातलं शेण काढत राहिले.

तू दोन्ही वाफ्यांची माती उपसून नाल्यापलीकडे टाकलीस आणि चिंचेच्या बाजूला नवे वाफे केलेस. त्यात खत घातलंस ते त्याच उकिरड्याचं. पाटी धरून मी उभी. फावडं पडलं की पत्रा वाजेल म्हणून मी घाबरत होते आणि वाजला नाही की डबा खतात कुठे झिरपतोय म्हणून जास्तच घाबरत होते. नव्या वाफ्यातली पहिली मेथी ताटात आली तेव्हा मी ती बाजूला सारली. "काऊन वं, गोड लागत नाई काय तुले?" म्हणत तू पाठीत धपाटा घातलास आणि धाकट्या भावाला घास भरवलास. दुपारी तो झोपला तेव्हा मी त्याच्या पोटावर हात ठेवून बसले, पोट वरखाली होतंय ना ते बघत. तोंड उघडलं असतं तर फार तर मार बसला असता. त्या माराला भिऊन मी तुम्हा सगळ्यांना ती भाजी खाऊ दिली, माय. कोणाला काही झालं नाही, पण त्यात माझं काही श्रेय नाही.

काकूशी तू पुन्हा बोलली नाहीस. तुझ्या शेवटच्या दुखण्यात ती दारापर्यंत आली, तेव्हा तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी तुझ्या उशाशीच होते. माराची भीती केव्हाच गेली होती, पण तू मरताना माझ्याकडे कशी बघशील याची भीती होती. काकू उंबऱ्यावरूनच परत गेली.

तिने नव्वदी गाठली आहे. मी वाफे करते आहे हे कळल्यावर तिने परवा नातवाच्या हाती चिंधीत बांधून मेथीचं बी पाठवलं. निरोप होता, "पेरून पाह्य. भाजी झाली का मले आणून दे, तुह्या हातची खाईन." मी हो म्हणून कळवलं. चिंधी अजून सोडलेली नाही.

तुला हे सगळं लिहिलं, कारण तू ऐकणार नाहीस. काकूला अजून चांगलं ऐकू येतं.