थाळीतली चार अंडी

अल्जीयर्स, ९ ऑक्टोबर २००३

प्रिय ज्वेर,

तुझ्या घरावर तुझ्या अल्लाची आणि माझ्या येशूची, दोघांचीही सावली असो.

तुझ्या भाचीने थाळी नीट पोहोचवली. एवढा घाट उतरूनही कुसकुस कोमट होतं. मांडीवर धरून बसली असणार पोर. जावयाने दोनदा मागून घेतलं. माझे गुडघे आहेत तसेच. इथल्या बाजारातले अंजीर पाहून तू नाक मुरडशील.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. बोट ठेवून सावकाश वाच. भाचीला वाचायला देऊ नकोस.

आठवतं? दिवसभर मी सिस्टरांच्या शाळेत गिरवायचे आणि संध्याकाळी झऱ्यावर तुला शिकवायचे. झऱ्याकडे पुरुषांनी फिरकायचं नाही, म्हणून तीच आपली शाळा. तू वैतागून म्हणायचीस, "ए किरिस्ताव, तुझ्या येशूला तरी लिहिता येत होतं का गं?" सगळ्या बायका हसायच्या. मीही.

तुझा लढवय्याच्या कार्डाचा अर्ज घेऊन मंगळवारी कचेरीत गेले होते. स्वातंत्र्ययुद्धात तू काय काय केलंस ते सगळं सांगितलं. जंगलातल्या माणसांसाठी दळलेलं जव, उशीत शिवलेली औषधं, आपली थाळीची खूण. कारकून पोरगेलासा. म्हणाला, "आजी, तुमचं स्वतःचं लढवय्याचं कार्ड?" म्हटलं, मी कधी मागितलंच नाही. "मग तुमची साक्ष चालत नाही." नंतर कागदावरचं माझं बाप्तिस्म्याचं नाव वाचून हसला. "सेसिल? तुम्ही तर फ्रेंचांच्या बाजूच्या ना?" मी म्हटलं, "बाळा, मी वर्दिया. मीच तर खूण द्यायचे." त्याने कागद माझ्याकडे सरकवले आणि पुढच्याला हाक मारली. भाचीकडे ते परत देते आहे. एवढंच झालं, ज्वेर. त्या एका कार्डाने गावाचं तोंड बंद होईल असं तू म्हणालीस, आणि मला तेवढंही जमलं नाही.

पण कचेरीतही मी एक गोष्ट गाळलीच. ती आता लिहिते.

आमच्या अंगणातून फ्रेंच फौजेचा तळ दिसायचा. दुपारी तुमच्याकडून कुसकुसची मातीची थाळी यायची. आमच्याकडून ती रीतीप्रमाणे काहीतरी घालून परत गेली, तर रस्ता मोकळा, तुझ्या भावाने, मोक्रानने, जंगलातून घरी जेवायला यावं. रिकामी गेली, तर शिपाई निघालेत, तू त्याला वेळीच अडवायचं. आपल्या डोंगरात कुणी थाळी रिकामी परत करत नाही, म्हणून तर ती खूण आपण निवडली. तूच निवडलीस. केवढी खूश झाली होतीस!

त्या दिवशी फ्रेंच सार्जंट आमच्याच अंगणात कॉफी पीत होता, शेजारी आपली भाषा जाणणारा दुभाष्या. मी थाळी धुऊन रिकामीच तुझ्या बहिऱ्या आजीच्या हाती द्यायला निघाले. तेवढ्यात आई ओरडली, "अगं लाज आहे का? आधीच लोक आपल्याला बाटगे म्हणतात. आता किरिस्तावांच्या घरून थाळी रिकामी येते म्हणतील!" आणि तिने चार अंडी आणली. आईला खूण ठाऊक नव्हती. तिला काही सांगायचं नाही असं आपणच ठरवलं होतं.

ज्वेर, आईने अंडी ठेवली तेव्हा थाळी माझ्या हातांत होती. ती हातांतून सोडायची होती, बस्स. फुटली असती, आजी रिकाम्या हाती परतली असती. दुभाष्या माझ्याकडे बघत होता आणि माझी बोटं उघडली नाहीत. आजीने वर फडकं टाकलं, मला आशीर्वाद दिला आणि चढण चढू लागली.

संध्याकाळी मोक्रानला तुमच्या उंबऱ्यावर धरलं. गोळ्यांचा आवाज खळ्यावरून आला.

नंतर पंचांनी तुला विचारलं. तू म्हणालीस, थाळी भरलेली आली. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मी रिकामीच आणली होती धुऊन." खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. उरलेलं अर्धं सांगितलं असतं, तर त्यांनी आईला सोडलं नसतं. बहिऱ्या आजीला कुणी विचारलंच नाही. गावाने ठरवलं की थाळी रिकामीच आली आणि तू झोपून राहिलीस, तुला भावापेक्षा झोप प्यारी होती. पंचेचाळीस वर्षं तू ते ऐकत आलीस, आणि मला मात्र दर ईदला थाळी पाठवलीस.

आईला जाऊनही एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून कधीही सांगता आलं असतं, मी सांगितलं नाही.

हे पत्र गावात कुणाला दाखवायचं असेल तर दाखव. पंचांपैकी आता कोण उरलंय, कुणाला दाखवशील, मला कळत नाही.

थाळी भाचीबरोबरच परत पाठवते आहे. मघाशी लेक खजुराची पुडी घेऊन आली. "आई, रिकामी पाठवतेस? लोक काय म्हणतील?" मी तिचा हात धरला.

धुऊन, पुसून दिली आहे. फडक्याखाली काही शोधू नकोस.

तुझी
वर्दिया